ससाण्यांना विचारा

किसन ससाण्यांबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहायच्या असं ठरवून बसलो, की मला आधी त्यांचा राग येतो. आता नोकरी संपली, केस पिकले. या वयात माणसानं मनातला कडूपणा काढून टाकावा असं सगळेच सांगतात. सांगणाऱ्यांचं काय जातं? पोटात जे जळतं ते जळतंच. बावीस वर्षं मी या माणसाबरोबर गायरानं तुडवली आणि बावीस वर्षं गावोगावच्या लोकांनी माझ्या तोंडावर एकच वाक्य टाकलं, "ते ससाण्यांना विचारा." मी समोर उभा असे. हातात वही असे. तरी ससाण्यांना विचारा.

मला फार काही नको होतं. गुराख्यानं, म्हातारीनं, सरपंचानं, कुणीही एकदा गवताबद्दलचा एखादा सवाल आपणहून माझ्याकडे घेऊन यावा, एवढंच हवं होतं. हसायला येईल, पण या एका गोष्टीपायी माझी अर्धी नोकरी करपली.

आमची संस्था लातूरची. गायरान म्हणजे गावाच्या ढोरांसाठी राखलेली चराईची जमीन. चरून चरून उजाड झालेली गायरानं पुन्हा गवताखाली आणायची, हे आमचं काम. गाव ठराव करून गायरान चराईला बंद करी. आम्ही चर खोदून घेत असू, बी टाकत असू आणि गवत आलं की ते कधी, कुणी, किती कापायचं याचे नियम गावाबरोबर बसून ठरवत असू. रेणापूर, शिरूर अनंतपाळ, मुखेड असा आमचा टापू. मी चारा पिकांत एम.एस्सी. झालेला. ससाणे दहावी नापास, मुखेडजवळच्या एका गावचे, संस्थेत राखणदार म्हणून लागलेले आणि मी येण्याच्या थोडं आधी क्षेत्र सहायक झालेले. कागदावर ते माझ्या हाताखाली होते. कागद लातूरला कपाटात असत.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी लोखंडी सळईची, एक मीटर लांब नि एक मीटर रुंद अशी चौकट बनवून घेतली होती. ती गायरानात फेकायची आणि आत आलेल्या गवताच्या जाती मोजून वहीत लिहायच्या. शास्त्र आहे ते. रेणापूरजवळच्या एका गायरानात मी भर उन्हात बारा ठिकाणी चौकट फेकली. ससाणे तेवढा वेळ एका जागी उकिडवे बसून वाळलेला शेणाचा पो काडीनं उकरत होते.

"काय करताय?" मी जरा साहेबी आवाजातच विचारलं.

"ह्या ढोरानं काय खाल्लं ते बगून राहिलो, साहेब."

मग म्हणाले, "कुसळीच लई हाय. पवना नावाला. पर न्हाई असं न्हाई. कुटंतरी वढ्याच्या अंगाला असंल."

पवना म्हणजे ढोरं आवडीनं खातात ते कसदार गवत. कुसळीचं पातं कोवळं असेपर्यंत ठीक, पुढं तिचं टोकदार बी कपड्यात आणि ढोरांच्या तोंडात घुसतं. संध्याकाळी मी वहीतली बेरीज केली. बारा चौकटींपैकी दोनच चौकटींत पवना होता आणि त्या दोन्ही ओढ्याच्या काठच्या होत्या. दुसऱ्या कुणाला याचं कौतुक वाटलं असतं. मी ती चौकट कॉटखाली सरकवली आणि त्या दिवशी जेवलो नाही.

दिसायला म्हणाल तर अंगानं काटकुळे, पांढरा शर्ट, पायात टायरच्या चपला. शर्टाचा खिसा कायम फुगलेला. त्यात पेन नाही, पाकीट नाही, बी. ज्या गायरानात जातील तिथलं मूठभर बी खिशात यायचं आणि दुसऱ्या गायरानात सांडायचं. त्यांच्या पत्नी शांताबाई मला एकदा म्हणाल्या, "धुनं धुऊन धुऊन आमच्या न्हानीत गवत उगवलंय, साहेब. तुमी तरी सांगा ह्यास्नी." मी काय सांगणार? घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली कपाटात पोरांची पुस्तकं, आणि खिडकीत ओळीनं मांडलेल्या काचेच्या बाटल्यांतून बी. पोरगी नांदेडला नर्स, पोरगा तलाठी. सगळं जागच्या जागी. माझा मुलगा तेव्हा बारावीला दुसऱ्यांदा बसला होता. ते घरही मला बघवत नसे.

बोलणं बेताचं, पण जे बोलत ते लोक ध्यानात ठेवत. "ढोर खोटं खात न्हाई." "गवताला मालक लई, मायबाप कोनी न्हाई." एखाद्या गावात पुढारी मंडळी गायरानाची हालहवाल सांगू लागली, की हे गोठ्याकडे निघत. "आदी ढोराचं पोट बगावं, मग धन्याचं तोंड." आणि मी? मी चाळीस मिनिटं तक्ते लावून बोलायचो. शेवटी कुणीतरी जांभई दाबत म्हणायचं, "हाव, हाव. पर ससाण्यांचं काय म्हननं हाय?"

पावसाळा सरताना ते जुन्या घोंगडीचा तुकडा दोरीला बांधून गायरानातून ओढत फिरत. घोंगडीला जे बी चिकटेल त्यावरून कुठलं गवत पिकलं, कुठलं हिरवं आहे हे कळे. शेवटी तीच घोंगडी उजाड खडकाळ जागेवर नेऊन झटकायची, म्हणजे बीही पडलं. बिनखर्चाची युक्ती. एकदा ते रजेवर असताना मी लातूरच्या बाजारातून नवीकोरी घोंगडी आणली आणि शिरूरकडच्या एका माळावर ओढून पाहिली. तीन गुराखी येऊन उभे राहिले. एक जण म्हणाला, "साहेब, धुवायची आसंल तर वढा तिकडं हाय." माझ्या घोंगडीला नुसती कुसळी चिकटली. निम्मी पँटला चिकटली. ती घोंगडी पुढं आमच्या घरी कुलरखाली अंथरायला गेली.

एकदा जीपमध्ये मी त्यांना विचारलं, "हे सगळं शिकलात कुठं?" स्वर असा, की चोरीचा माल कुठून आणला सांगा.

"आईच्या मारानं," ते म्हणाले. "आमच्यात एक ढोर न्हवतं, साहेब. जमीन न्हाई, ढोर कुठलं? आई दुसऱ्याच्या बांधावरचं गवत कापायची अन् मुखेडच्या बाजारात भारा इकायची. भाऱ्यात कुसळी निघाली की गिऱ्हाईक भारा फेकून द्यायचं. माझ्या हातनं कुसळी आली की ती मला बदडायची. चार-पाच डाव मार खाल्ला, मग डोळे झाकून वळखू लागलो."

आमच्या घरी चौदा जनावरं होती. त्यांच्या गव्हाणीत काय पडतं ते मी लहानपणी एकदाही वाकून पाहिलं नाही. ते पाहायला गडी होता. त्या दिवशी मला ससाण्यांच्या खाल्लेल्या माराचासुद्धा हेवा वाटला. माणसानं कशाकशाचा हेवा करावा!

पण सगळ्यात जास्त जळलो ते माझ्याच घरी.

आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या अलीकडे. त्या बाजूला काम होतं म्हणून ससाण्यांना घेऊन चहाला घरी गेलो. खरं सांगायचं तर मनात धाकधूक होती. आमच्या पडवीत पूर्वी एक कप वेगळा टांगलेला असे. कुणासाठी, ते गावात कुणाला सांगावं लागत नसे. आईनं तो कधीच काढून टाकला होता, पण अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मनातून तो निघाला की नाही हे मी कधी विचारलं नव्हतं. अण्णा माझ्या शिक्षणावर आधीच नाराज. "फुकट उगवतंय त्येचं शिक्षण घेतलं आमच्या पोरानं," असं ते पाहुण्यांना सांगत.

त्या वेळी म्हशीचं दूध अचानक आटलं होतं. अण्णांनी मला तसं सांगितलंही नव्हतं. ससाणे अंगणात शिरले ते थेट गोठ्याकडे. म्हशीच्या तोंडाचा वास घेतला, मग कडब्याच्या गंजीत कोपरापर्यंत हात घातला आणि आतली पेंडी ओढून काढली. बाहेरून पिवळी, आतून काळी पडलेली.

"बुरशी हाय, अण्णा. वरचा कडबा चांगला हाय, आतला भिजलाय. गुमान चार दिस बांधावरचं हिरवं टाका."

अण्णांनी पेंडी हुंगून बाजूला टाकली. मग या माणसाला घेऊन बांधावर गेले. तासभर दोघं फिरत होते. मी अंगणात आईबरोबर बसून होतो. परत आले तेव्हा कुठल्या बांधावर मारवेल गवत लावायचं इथपर्यंत बोलणं झालं होतं. अण्णांनी स्वतः घरातून खुर्ची आणली. "किसनराव, बसा." आणि स्वतःच्या कपातला चहा आधी त्यांच्या हातात दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कामून गेलास रे एवढं लांब शिकायला? ह्यांच्याजवळ शिकायचं की."

त्या अंगणात त्या दिवशी जे घडलं त्याचा मला आनंद व्हायला हवा होता. सत्तरी ओलांडलेला माझा बाप बदलला होता. पण मला दिसलं ते एवढंच, की अण्णांनी आयुष्यात कधी मला "या, बसा, सांगा" म्हटलं नाही आणि या माणसाला तासाभरात म्हटलं. पुढं अण्णा आठ वर्षं जगले. मी घरी गेलो की पहिला प्रश्न, "किसनराव काय म्हनतेत?"

आता माझी चूक सांगतो. ती टाळून हे लिहिता येणार नाही.

ससाण्यांच्या स्वतःच्या गावचं गायरान आमच्या कामातलं सगळ्यात देखणं. पाच वर्षं गावानं राखलेलं. दरवर्षी गवत तयार झालं की गावसभा भरे, नारळ फुटे आणि कापणी सुरू होई. घरटी एक विळा आणि दिवसाला एक भारा, असा नियम. याला ते लोक 'विळा सोडणं' म्हणत. माझ्या आराखड्यात लिहिलं होतं, 'दसऱ्यानंतर'. ससाण्यांचा नियम निराळा, बी पडल्याबिगर इळा न्हाई. बी पडलं तर पुढच्या वर्षीचं गवत. दरवर्षी दोन्ही जवळपास एकाच वेळी येई, म्हणून कधी भांडण झालं नाही.

त्या वर्षी पाऊस तीन आठवडे उशिरा आला. आणि ऐन दसऱ्यात शांताबाईंच्या ऑपरेशनसाठी ससाणे नांदेडला दवाखान्यात. मी गावात गेलो तर माणसं विळे घेऊन ग्रामपंचायतीसमोर बसलेली. त्यांत कौसाबाई होती. नवरा वारलेला, शेत नाही, एक म्हैस आणि तिच्यावर चाललेलं घर. ती उठून पुढं आली.

"किसनदादा न्हाईत. आता तुमीच सांगा साहेब, इळा सोडायचा का?"

तुम्हीच सांगा. माझी छाती वीतभर फुगली. खिशात मोबाइल होता, एक फोन करायचा होता. केला नाही. गायरान हाकेच्या अंतरावर होतं, चार काड्या उपटून पाहायच्या होत्या. पाहिल्या नाहीत. विचार करायला वेळ घेतला तर हे लोक ससाण्यांची वाट पाहतील, ही भीती. मी म्हणालो, "सोडा. दसरा झालाय."

नारळ फुटला. मला फेटा बांधला. लोक हसत होते, माझ्याशी बोलत होते. आठ दिवसांत गायरान साफ झालं.

ससाणे नांदेडहून एसटीनं आले ते घरी न जाता गायरानात. मीही होतो. चुकून राहिलेली एक काडी त्यांनी उपटली, तळहातावर चोळली, फुंकर मारली. तळहातावर नुसता हिरवा चोथा उरला.

"पोटुशी कापली, साहेब."

एवढंच म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या पावसाळ्यात पवना विरळ आला, मधल्या जागा कुसळीनं आणि तरवडाच्या झुडपांनी धरल्या. गावाला ते वर्ष विळा घालताच आला नाही. कौसाबाईनं म्हैस मुखेडच्या बाजारात नेऊन विकली. गावसभेत लोक चिडलेले. कुणी परवानगी दिली, म्हणून आवाज चढले. मी मान खाली घालून बसलो होतो. ससाणे उभे राहिले.

"हो कोनी म्हनलं? साहेबांनी. चुकलंच त्येंचं. पर तुमी इळे पाजळून बसला हुताव, तुमाला गवत दिसत न्हवतं का? तुमी जन्माचे हितले. चूक दोगांची हाय. आता पुडचं बोला."

यांनी मला पाठीशी घातलं नाही आणि फासावरही दिलं नाही. दोन्हीपैकी एक केलं असतं तर मला त्यांचा धड राग तरी करता आला असता. नंतर दोन वर्षं ते गायरान सावरायला जाताना दर पंधरवड्याला मला म्हणत, "चला साहेब, बगून येऊ." मी फाईल उघडून बसायचो. मला काम आहे म्हणायचो. काम काही नसायचं. त्यांच्या मागून शिकाऊ माणसासारखं चालायची माझी तयारी नव्हती. कौसाबाई म्हैस विकल्यापासून माझ्याशी बोलली नाही. समोरून आली तरी पदर ओढून बाजूनं जाई.

मग आमचे प्रमुख निवृत्त झाले आणि पदवी लागते म्हणून खुर्ची मला मिळाली. ससाणे केबिनमध्ये येऊन म्हणाले, "लई चांगलं झालं, साहेब. कागदाचा जिम्मा मला झेपला नसता." महिनाभर मी त्यांच्या चेहऱ्यावर आंबटपणा शोधत होतो. जरासा जरी सापडला असता तरी मला शांत झोप लागली असती. नाही सापडला. बाहेरच्या जिल्ह्यांतून पाहुणे येत, मी पडद्यावर चित्रं दाखवून व्याख्यान देई, आणि गायरानात पोचलं की ते सगळे ससाण्यांभोवती गोल करून बसत. माझ्याभोवती ड्रायव्हर उरे.

दोघंही निवृत्त झालो. गेल्या दसऱ्याच्या आधी कळलं की साखरेनं ससाण्यांचे डोळे गेले. उजेड-अंधार तेवढा कळतो. दोन आठवडे टाळलं, मग एसटीनं मुखेड गाठलं आणि तिथून त्यांच्या गावी गेलो. दारापुढं प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. आणखी वाळलेले.

"साहेब का? बूट वाजले तवाच वळखलं." हातानं चाचपून त्यांनी दुसरी खुर्ची पुढं ओढली. माझी तब्येत विचारली, मुलाचं विचारलं. मग पुढं वाकून म्हणाले, "गायरानाच्या कडंनंच आला न्हवं? औंदा पवना कसा हाय?"

त्या रस्त्यानं दोन किलोमीटर चालत आलो होतो. डाव्या हाताला सबंध गायरान होतं. मला काहीही आठवेना. बावीस वर्षं मी गवताकडे कमी आणि ससाण्यांकडे जास्त पाहिलं होतं. 'चांगला आहे' म्हणालो असतो तर त्यांना कळणारही नव्हतं.

"पाहिलं नाही," मी म्हणालो.

"मग जावा की. ऊन उतरलंय. मी हाय हितंच."

गेलो. ओढ्यापासून सुरुवात केली आणि वरच्या चरांपर्यंत चढलो. दर दहा पावलांवर वाकायचं, तुरा चोळायचा, दाणा नखानं दाबायचा. कमरेचे बारा वाजले. कुसळं मोज्यांतून आत घुसली. पण दोन तासांनी परत आलो तेव्हा सांगायला काहीतरी होतं. ओढ्याच्या अंगाला पवना दाट आहे, दाणा भरत आलाय. वरच्या बाजूला विरळ आहे, तिथलं बी अजून दुधात आहे.

"फुकून बगितलं का नख लावून?"

"नख लावून."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात कौसाबाई आली. गावानं तिला पाठवलं होतं. डोळे गेले तरी सवाल इथंच येत होता. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "किसनदादा, इळा कदी सोडायचा? मानसं इचारून राहिलेत."

"मला काय दिसतंय, बाई? साहेबांस्नी इचार. आत्ताच समदं बगून आलेत."

कौसाबाईनं पदर सावरला. मग वळली. कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "किती दिस, साहेब?"

"खालच्या बाजूला पंधरा. वरच्या बाजूला अजून एक आठवडा जास्त."

तिनं ससाण्यांकडे पाहिलं. ते होकार देतील म्हणून मीही पाहिलं. त्यांनी दिला नाही. ते घराकडे तोंड करून शांताबाईंना चहात साखर कुणाला टाकायची नि कुणाला नाही ते सांगत होते. कौसाबाई "हाव" म्हणाली आणि गेली.

ज्या सवालासाठी मी उभी हयात जळलो, तो या माणसानं दाराशी आलेल्याला पाणी द्यावं तसा मला देऊन टाकला होता. मी त्यांच्या जागी असतो तर डोळे गेले असते तरी तो सवाल हातातून सुटू दिला नसता. शांताबाईंनी चहा आणला. ससाण्यांनी कप चाचपून घेतला, बिनसाखरेचा घोट घेतला आणि समाधानानं बसून राहिले. मी शेजारी बसलो होतो आणि मला अजूनही त्यांचा हेवा वाटत होता.